सहा किलो दोनशे ग्रॅम

रत्नागिरीला मावशीकडे जायची सॅक हल्ली मी तोलून भरतो. लटकवायचा छोटा काटा आणलाय. त्याला सॅक अडकवायची आणि मनगट थरथरायच्या आत आकडा वाचायचा. सात किलोची अट विमानाच्या केबिनची, कोकणकन्येला तिचं काय? पण रात्री ठाणे स्टेशनचा पूल ज्याने सामानासकट चढलाय, त्याला हे विचारावं लागत नाही.

सगळ्यात आधी टॉवेल गेला, पंचा आला. अंग पुसा, डोक्याला गुंडाळा, उशाला घ्या. रात्री दोरीवर टाकला की सकाळी वाळलेला. जीन्सचंही तेच. कोकणातल्या पावसात भिजलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलीच असते, आणि परतताना तिचं वजन विचारू नका. नायलॉनची दोरी आणि चार चिमटे मात्र मी कुणाच्या बापाला काढू देणार नाही.

कागद सगळे फोनमध्ये गेले. आधार डिजिलॉकरमध्ये आहे. त्यातही सरकारकडून थेट आलेलं, म्हणजे ‘इश्यूड’मधलं, रेल्वेत ओळखपत्र म्हणून चालतं, आपण फोटो काढून चढवलेलं चालत नाही. हे बऱ्याच जणांना टीसी समोर उभा राहिल्यावर कळतं. नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून घ्यायचा. कोकण रेल्वेवर बोगदे इतके, की फोनवर एक वाक्य धड पुरं होत नाही. रत्नागिरीच्या अलीकडचा कारबुड्याचा बोगदा तर एकटाच साडेसहा किलोमीटरचा.

पण कागदांचं गेलेलं वजन पॉवर बँक होऊन परत आलं. आधी मी २०,००० एमएएचची वीट बाळगायचो. मग हिशोब कळला: तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा. बाहेर ५ व्होल्टने देताना तो घटतो, शिवाय थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणून १०,०००च्या पॉवर बँकेवर ५,०००चा फोन दोनदा नाही, जेमतेम दीड वेळा भरतो. दोन दिवसांना तेवढं पुष्कळ. फोन मेलाच, तर तिकीट, ओळख आणि पैसे एकदमच मरतात. म्हणून पाचशेची नोट आणि मावशीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात. चिठ्ठीला वजन नाही.

गेल्या खेपेला आकडा आला सहा किलो दोनशे. मी खूश.

मावशीने सॅक एका हाताने उचलून बघितली. “एवढंच आणलंस? बरं झालं, जागा आहे.” मग आमसुलं, कुळथाचं पीठ, आठळ्या आणि सोललेले सहा नारळ. मी काटा काढून दाखवला, तर तिने तोच हातात घेतला, आमसुलांची पिशवी अडकवली, आकडा वाचला, पुन्हा वाचला. शेजारणीलाही बोलावून दाखवला.

काटा आता रत्नागिरीतच आहे. येताना सॅक तेवढीच हलकी.