जबडा २६ मिमी, खांदा ११८ अंश: चौदाव्या महिन्याची नोंद

आज सकाळी दहाला मोजलं. तोंड उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये २६ मिमी. शेवटचा शेक (म्हणजे रेडिएशन) घेऊन घरी आलो तेव्हा १७ होते. डावा हात बाजूने वर नेला तर ११८ अंश. तेव्हा तो ८० च्या पुढे जातच नव्हता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वय ६९, राहणार कोल्हापूर. डाव्या गालाच्या आतला कर्करोग, चाळीस वर्षं मळून खाल्लेल्या तंबाखूचा. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, मग सहा आठवड्यांत ३० शेक. नोकरी सगळी टूलरूममध्ये झाली, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात व्हर्नियर (मिमीचे भाग मोजायचं साधन) आहे, कोनमापक आहे, आणि शंभर पानी वही आहे. तिची ८१ पानं भरली.

दवाखान्यात सगळ्यांना देतात त्याच आइस्क्रीमच्या काड्या मीही वापरतो. दातांमध्ये काड्यांची चळत धरायची, अर्धा मिनिट थांबायचं, सोडायचं. दिवसातून पाच वेळा. माझी एक काडी दोन मिमीला जरा कमी भरते. सुरुवातीला नऊ बसायच्या, आता चौदा बसतात. पहिले पाच महिने मी हे काम जबड्याशी भांडल्यासारखं केलं. दहावी काडी ढकलायची, डोळ्यांत पाणी, मान ताठ, मुठी आवळलेल्या. आकडा १७ वरून १९ वर गेला आणि तिथेच बसला.

सहाव्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या योगाच्या बाईंकडे जायला लागलो. त्या अय्यंगार पद्धतीने शिकवतात, म्हणजे पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या संस्थेची ती परंपरा: लोड, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही आसन करायला लावलं नाही. पाठीखाली लोड, मानेखाली घोंगडीची घडी, डाव्या कोपराखाली दुसरी घडी. म्हणाल्या, "काका, हात लोंबकळला की तो मानेला ओढतो. आधी त्याला टेकू द्या." वीस मिनिटं नुसता पडून होतो. उठलो तेव्हा जीभ टाळूवरून सुटलेली होती. ती तिथे दाबून धरलेली असते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग भ्रामरी प्राणायाम. ओठ मिटलेले, दात सुटे, श्वास नाकाने, आणि सोडताना बारीक गुंजारव. दात सुटे ही यातली मोठी गोष्ट. दात आवळून केलेली भ्रामरी माझ्या काही कामाची नाही, करून पाहिली आहे. ऑपरेशन झालेल्या बाजूला गाल बधिर आहे, त्यामुळे पहिले कित्येक आठवडे कंप फक्त उजवीकडे जाणवायचा. आता डावीकडे कानाच्या पुढे रुपयाएवढ्या जागेत कळतो. लाळ कमी असल्याने दर चार आवर्तनांनी घोटभर पाणी पितो. शीतली प्राणायाम बंद केला. तोंडाने हवा आत घेतली की घसा कोरडा पडतो आणि रात्रभर त्रास होतो.

याने खरंच फरक पडतो का, हे मला मोजून बघायचं होतं. म्हणून आठव्या महिन्यात २८ दिवस असं केलं: एक दिवस गरम टॉवेलचा शेक आणि लगेच काड्या. दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल, पण काड्यांआधी दहा मिनिटं लोडावर पडून भ्रामरीची आठ आवर्तनं. वेळ तीच, दात तेच, टॉवेल तितकाच गरम. नुसत्या टॉवेलच्या चौदा दिवसांची सरासरी २१.२ मिमी. भ्रामरीच्या चौदा दिवसांची २२.६. एका माणसाचं माप आहे, त्यावरून नियम काढता येत नाही हे मान्य. पण व्हर्नियरवर १.४ मिमी म्हणजे किती असतं ते मला माहीत आहे, आणि जेवताना तर ते चांगलंच कळतं. तेव्हापासून भ्रामरीशिवाय काडी तोंडात घातलेली नाही. भीतीने मी जबडा आवळत होतो आणि त्याच जबड्याला काड्यांनी उघडू पाहत होतो.

मुलाने अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासाची माहिती काढून दिली. कर्करोगाचे उपचार संपलेले ४१० जण, त्यातल्या साधारण निम्म्यांना चार आठवडे, आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं सौम्य हठयोग, प्राणायाम आणि ध्यान. नेहमीच्या देखभालीवर राहिलेल्यांपेक्षा त्यांची झोप जास्त सुधारली. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या, तीन चतुर्थांश जणी स्तनाच्या कर्करोगाच्या. गालाच्या कर्करोगाचा माझ्या वयाचा पुरुष त्यातून फारसं काही घेऊ शकत नाही. पण आठवड्यातून दोनदा बाईंकडे आणि बाकी घरी, ही घडी मी तिथूनच उचलली.

विपरीत करणी चुकली. भिंतीला पाय लावून पडायला छान वाटायचं, पण दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली सूज आणि जबडा दोन मिमी कमी. मानेतल्या गाठी काढल्या की तिथलं पाणी नीट उतरत नाही, आणि डोकं खाली असलं की ते तिथेच साचतं. आता पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर आणि डोकं दोन घड्यांवर उंच ठेवतो. सकाळी उठल्या-उठल्या माप घेऊ नका. रात्रभर आडवं राहिल्यावर सूज जास्त असते. दहाचं माप त्यासाठीच. शीर्षासन, सर्वांगासन तर माझ्यासाठी कायमचं बंद. शेक बसलेल्या मानेवर भार टाकायचा नाही.

जुलैत, पाऊस लागलेला असताना, एका आठवड्यात ३ मिमी गेले. मी काड्या वाढवणार होतो. ही म्हणाली, "अहो, आधी दाखवून या. मग काय ते वाढवा." गेलो. डॉक्टरांनी गाल, मान सगळं तपासलं. मागच्या दाढेची धार गालाला लागून जखम झाली होती. धार घासून दिली, दहा दिवसांत आकडा परत आला. त्या दहा दिवसांत झोप लागली नाही, ते वहीत लिहिलं आहे. कारण नसताना तोंड बंद व्हायला लागलं तर ताणू नका, आधी दाखवा. आणि दाताच्या डॉक्टरांना शेक घेतल्याचं आधी सांगा. शेक बसलेल्या जबड्यातली दाढ काढली तर हाड भरून येत नाही असं होऊ शकतं.

दहावा-अकरावा महिना आलेख सपाट. अंगात जीव नाही, रंकाळ्याला अर्धी फेरी मारली की बसावंसं वाटायचं, बाईंकडे लोडावर चक्क झोपायचो. वयावर ढकललं. रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारा आकडा) वाढलेलं. मानेवर शेक घेतलेल्या बऱ्याच जणांचा थायरॉईड पुढे मंदावतो, आणि ही तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. गोळी सुरू झाल्यावर दीड महिन्यात सकाळ पुन्हा सकाळ वाटायला लागली.

खांद्याचं काम साधं आहे. टेबलाशी बसून टॉवेलवर हात ठेवायचा आणि श्वास सोडत पुढे सरकवायचा. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, कमरेतून पुढे वाकून अर्धं अधोमुख श्वानासन. खुर्चीवर बसून भरद्वाजासन, म्हणजे धड बाजूला वळवायचं, पण डाव्या हाताने ओढायचं नाही. हात वर नेताना खांदा कानाकडे चढला की तिथेच थांबायचं, तो आकडा धरायचा नाही. हे कळायच्या आधीची तीन पानं मी वहीत खोडून टाकली आहेत. खांद्याची नस ऑपरेशनमध्ये वाचवली तरी कित्येक महिने सुस्त असते, असं सर्जननी सांगितलं होतं. ११८ चा वेग बघता ते पटतं.

काल रात्री ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा दुधात न कुस्करता खाल्ला. छोटा तुकडा, उजव्या बाजूने, चावायला चार मिनिटं लागली. हिने घड्याळ बघितलं, मी नाही.

पुढचे सहा आठवडे काड्या चौदाच ठेवणार, धरायचा वेळ अर्ध्या मिनिटावरून पाऊण मिनिट करणार. ज्यांच्या मानेतल्या गाठी काढल्या आहेत त्यांना विचारायचं आहे: कुशीवर झोपताना त्या बाजूच्या हाताला टेकू कसा देता? मी छातीशी उशी घेऊन पाहिली, पहाटेपर्यंत ती सटकलेली असते.