उणे ६७

रात्रीचे साडेबारा. झोप येत नाहीये, आणि कारण इतकं लहान आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही.

मंगळवारी मराठी विकिपीडियावरच्या माझ्या चर्चा पानावर एक ओळ आली. "भांड्याचं वाक्य का काढलंत?" बस, एवढंच. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. सही करायची असते हे अजून माहीत नसणार. कुणाची ओळ ते पानाचा इतिहास उघडल्यावर कळलं. आज शुक्रवार. चार दिवस मी ती ओळ परत परत वाचते आहे.

उत्तर दिलं होतं मी. लगेच दिलं होतं, अर्ध्या तासात. "नमस्कार. मराठी विकिपीडियावर आपले स्वागत. लेखात विश्वकोशीय भाषा अपेक्षित असते, ललित वाक्ये टाळावीत. शिवाय त्या वाक्याला संदर्भ नव्हता. आपले योगदान असेच सुरू राहू द्या." यातलं एकही वाक्य चूक नाही. तरी त्यानंतर त्यांच्या योगदानांच्या यादीत एकही नवी नोंद नाही. शेवटची नोंद म्हणजे माझ्या पानावरचा तो प्रश्न. मी दिवसातून चार-पाचदा ती यादी उघडून पाहते. आजही जेवण अर्धं टाकून पाहिली.

लेख तांबट पक्ष्याचा. त्यांचा पहिलाच. (बाई आहेत की बुवा, ठाऊक नाही. सदस्यनावावरून काही कळत नाही, म्हणून 'त्यांनी' म्हणते आहे.) माहिती चांगली होती, पाहून लिहिलेली वाटत होती. शुद्धलेखन मात्र पार विस्कटलेलं. मजकुरात जवळजवळ सगळीकडे 'पक्षाचा', 'पक्षाची चोच', 'पक्षाचे घरटे'. पक्षाला चोच नसते, पक्ष्याला असते. ही चूक साधा सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम) पकडू शकत नाही, कारण 'पक्षाचा' हाही शब्द म्हणून बरोबरच आहे, फक्त इथे तो हवा नाही. तसंच 'सुर'. तांबटाचा तो सूर, दीर्घ. ऱ्हस्व लिहिला की देव होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांत आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेल्या चारांच्या भरीत हे सगळं बसतं, पण नियम पाठ असून भागत नाही. वाक्य वाचावं लागतं, अर्थ लावावा लागतो, मग हात घालावा लागतो. माणूस लागतो. मला हे काम मनापासून आवडतं, ते याचसाठी.

'पिसाऱ्याचा' मधला तो अर्धा र घ्या. काही कळफलकांवर तो साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असा उमटतो, काहींवर नुक्त्याच्या ऱ पासून होतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण एक शोधलात तर दुसरा बऱ्याचदा सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. मी असे शब्द एकेक करून बदलते. वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. ज्याला शोधायचं आहे त्याला तो लेख सापडतो, इतकंच.

सोमवारी रात्री त्या लेखात मी तेवीस संपादनं केली.

आणि इथे मला थोडं रडून घ्यायचं आहे. इतिहासाच्या पानावर प्रत्येक संपादनापुढे एक आकडा येतो, लेख किती बाइटांनी वाढला किंवा घटला ते सांगणारा. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ऱ्हस्व उकार तीन, दीर्घ उकारही तीन. म्हणजे 'सुर'चा 'सूर' केला की फरक शून्य. भर घातली तर आकडा हिरवा, काढलं तर लाल, आणि शून्य करड्या रंगात, दिसेल न दिसेल असं. माझ्या सहा वर्षांच्या कामाची यादी उघडली तर पानंच्या पानं करडी आहेत. शून्य, शून्य, शून्य. आणि प्रत्येकापुढे 'छो', म्हणजे छोटा बदल. ताई एकदा मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, "म्हणजे तू काही केलंच नाहीस?" ती सहज म्हणाली. मला अजून आठवतं.

सहा वर्षं कुणी 'का घातलीस ही वेलांटी' असं विचारलं नाही, आणि 'बरं झालं घातलीस' असंही कुणी म्हटलं नाही. नीट केलेलं दिसत नाही हेच या कामाचं यश, हे मलाही मान्य आहे. पण मग सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या संपादनाबद्दल मला थेट विचारतं, आणि ते हे? भांड्याचं वाक्य का काढलंत? बावीस संपादनांबद्दल अक्षर नाही, आणि एका वाक्यासाठी...

असं परवा रात्री लिहिलं असतं तर मी इथेच थांबले असते आणि स्वतःची समजूत घालून झोपले असते. आज इतिहास पुन्हा उघडला. माझीच तेवीस संपादनं खालून वर वाचत आले. सगळं ओळखीचं. शून्य, शून्य, अधिक सहा ('पक्षाची'चं 'पक्ष्याची', दोन चिन्हं वाढतात), उणे तीन, शून्य. आणि मध्येच एक लाल आकडा. उणे ६७. त्याच्यापुढे 'छो'. आणि सारांशाच्या चौकटीत माझ्याच हातचा शब्द: शुद्धलेखन.

पोटात कसंतरी झालं. छोटा बदल कशाला म्हणायचं याचा नियम मी स्वतः किती नवख्यांना समजावून सांगितला आहे: ज्याने अर्थाला धक्का लागत नाही, ज्यावर कुणाचा वाद होणार नाही, तेवढाच. आणि मी कुणाचं तरी आख्खं वाक्य काढून दुसरं बसवलं होतं, 'छो'वर खूण करून, शुद्धलेखनाच्या नावाखाली. मुद्दाम नव्हे. आधीची दहा-बारा संपादनं तशीच होती, हात सवयीने तीच खूण करत गेला. पण त्यांना हे कसं कळणार? त्यांना दिसलं ते एवढंच की मी वाक्य नेलं आणि नेताना नाव दुसरंच सांगितलं.

मग दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवली. त्यांचं होतं:

"ऐन दुपारी कुणीतरी लांबवर भांडं ठोकत बसलंय असं वाटतं, तो तांबट."

माझं:

"याचा आवाज धातूवर ठोकल्यासारखा येतो."

सोमवारी मला माझं वाक्य फार नेटकं वाटलं होतं. आज बराच वेळ दोन्हींकडे बघत बसले. 'ऐन दुपारी': इतर पाखरं गप्प होतात तेव्हाही तांबट बोलत असतो. 'लांबवर': तो मान इकडेतिकडे वळवत बोलतो, त्यामुळे जवळच्या झाडावर असला तरी आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. 'ठोकत बसलंय': एकसारखं, न थकता, एकाच लयीत. आणि भांडं. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. पाखराला ते नाव या आवाजावरूनच मिळालं. शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दात त्याचं रक्तासारखं लाल डोकं आहे, मराठीने मात्र डोकं सोडून आवाज धरला. त्यांच्या वाक्यात हे सगळं होतं. मी भांडं काढून 'धातू' केला आणि नावाचं कारणच लेखातून गेलं. आता लेख वाचणाऱ्याला तांबटाला तांबट का म्हणतात ते कळणार नाही. विश्वकोशाच्या भाषेसाठी मी विश्वकोशातली माहितीच काढून टाकली.

वाक्य ललित होतं हे खरंच. संदर्भ नव्हता हेही खरं. 'असं', 'वाटतं', 'भांडं' हे अनुस्वार बोलीतले, लेखात 'असे', 'वाटते', 'भांडे' हवेत. पण अनुस्वाराची मात्रा केली तरी फरक शून्यच पडतो. तेवढं करून थांबायला काय हरकत होती? सारखी इथेच येते मी. मी चूक नव्हते आणि तरीही चूक होते, आणि यातलं दुसरं मला पहिल्याइतकं सहज म्हणता येत नाही. चार दिवस लागले.

अकराच्या सुमारास काय मनात आलं कोण जाणे, माझा स्वतःचा पहिला लेख उघडला. सहा वर्षांपूर्वीचा. आता त्यातलं माझं एखाद-दुसरं वाक्य उरलं असेल. त्याच्या इतिहासात खाली, अगदी सुरुवातीला, तिथल्या एका जुन्या सदस्याचं, काकांचं, नाव दिसलं. मी विसरूनच गेले होते. माझ्या पहिल्या लेखातही असंच एक वाक्य होतं, संदर्भ नसलेलं, जरा जास्तच भारावून लिहिलेलं. काकांनी ते काढलं नव्हतं. त्यापुढे 'संदर्भ हवा' अशी तयार खूण उमटवणारा साचा लावला होता आणि लेखाच्या चर्चा पानावर लिहिलं होतं: वाक्य छान आहे, कुठे वाचलंत ते सापडलं तर जोडा, घाई नाही. मग तीन आठवडे त्यांनी त्या लेखाला हात लावला नाही. मला संदर्भ मिळाला नाही, आणि मीच ते वाक्य काढलं. मीच. म्हणून मला कधी लागलं नाही ते.

काकांच्या सदस्य पानावर अजून 'थोडे दिवस सुट्टीवर' असंच आहे. त्यावर आज काही लिहीत नाही.

एक साचा. दोन महिरपी कंस उघडायचे, दोन मिटायचे, मध्ये दोन शब्द. माझ्या त्या संपादनापेक्षा कमी वेळ लागला असता.

आता जरा शांत वाटतंय, का ते नीट सांगता येत नाही. मी लिहिलेलं कुणीही बदलू शकतं हे 'बदल प्रकाशित करा' दाबताना आपण दर वेळी मान्य करतो. माझी वाक्यं गेली, त्याचं मला कधी दुःख झालं नाही. आणि जसं त्यांचं वाक्य इतिहासात जसंच्या तसं आहे, कुणीही जुनी आवृत्ती उघडून वाचू शकतं, तसंच माझं उणे ६७ ही तिथे आहे, 'छो' सकट, नावासकट. ते मला काढता येणार नाही. प्रचालकांकडे (विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांकडे) जाऊन काढून घेण्यासारखंही ते नाही. राहू दे. माझंच आहे.

संदर्भ शोधायला पाऊण तास लागला. शब्दकोशात तांबट मिळाला, पक्ष्यांच्या पुस्तकात आवाजाचं आणि मान वळवण्याचं वर्णन मिळालं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं परत घातलं नाही. तो मोह झाला होता, पण मग ती नुसती भरपाई झाली असती. असं लिहिलं: "भर दुपारीही तांबटाचा एकसुरी आवाज ऐकू येतो. तांब्याचे भांडे ठोकत बसल्यासारख्या या आवाजावरून त्याला तांबट हे नाव पडले." दोन्ही वाक्यांना संदर्भ जोडले. 'छो'वर खूण केली नाही. सारांशात लिहिलं: आधीच्या आवृत्तीतील माहिती परत घेतली, मी चुकीने काढली होती. आकडा हिरवा आला. त्याचं आज काही वाटलं नाही.

मग त्यांच्या चर्चा पानावर गेले. माझ्या स्वागताखाली अजून काही नव्हतं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. पहिल्या मसुद्यात पुन्हा धोरणाचे दुवे आले होते, दुसऱ्यात मी स्वतःबद्दलच फार बोलले होते, तिसरा लांबला. शेवटी एवढंच ठेवलं: "तुमचं वाक्य काढायला नको होतं. आधी विचारायला हवं होतं. भांडं परत ठेवलं आहे, बघाल का?" चार चिन्हांची सही केली. त्या पानावर अनुस्वार तसेच राहू दिले.

एक वाजून गेला. त्यांची यादी पुन्हा पाहिली. शेवटची नोंद मंगळवारचीच. ते येतील असं काही वाटत नाही, आणि आले नाहीत तर त्यांना कुठे शोधणार.

लेख मिटताना पिल्लांच्या परिच्छेदात अजून एक 'पक्षाचा' दिसला. सोमवारी तेवीसदा त्या लेखात गेले आणि तो निसटला. आज तो तसाच ठेवते.