बी.फार्म. नंतर अमेरिकेतलं फार्म.डी.: तुम्ही विचारलंत म्हणून

"बी.फार्म. झालंय. परदेशी फार्मासिस्टसाठी अमेरिकेत दोन-तीन वर्षांचं फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) असतं म्हणतात. ते केलं की तिथे फार्मासिस्ट होता येतं का?" नागपुरातल्या फार्मसी कॉलेजांतून नुकती बाहेर पडलेली मुलं हे विचारतात, गांधीबागेच्या दवा बाजारात काही वर्षं काढलेले केमिस्ट विचारतात, आणि लग्न होऊन तिकडे चाललेल्या मुलींचे आई-वडीलही विचारतात. म्हणून एकदा सविस्तर उत्तर.

होता येतं. मात्र तिथे काउंटरमागे उभं राहायची परवानगी राज्याचं फार्मसी बोर्ड देतं, विद्यापीठ नाही. आणि फार्म.डी. असं नाव असलेली प्रत्येक पदवी त्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पोचवतेच असं नाही. "कुठलं विद्यापीठ चांगलं?" हा प्रश्न त्यामुळे दुसरा. पहिला प्रश्न हा की ती पदवी घेतल्यावर मला कुठल्या परीक्षेला बसू देतील.

आपल्या मुलांची मुख्य अडचण वर्षांची आहे. परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टला थेट लायसन्सकडे जायचं तर नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसी, म्हणजे एनएबीपी, या संस्थेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पदव्यांची तपासणी, एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्रजीची परीक्षा अशा तीन गोष्टी पार कराव्या लागतात. पण १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा, अशी अट आहे. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. वर दोन वर्षांचं एम.फार्म. केलं तरी बेरीज सहा होत नाही, कारण मोजली जाते ती मूळ व्यावसायिक पदवी. २००३ च्या आधी चार वर्षांचं बी.फार्म. केलेल्यांना मात्र हा मार्ग मोकळा आहे. घरात काका-मामांपैकी कुणी असे असतील तर त्यांच्या अनुभवावर विसंबू नका, त्यांना लागू असलेला नियम तुम्हाला लागू नाही.

भारतात २००८ पासून सुरू झालेलं सहा वर्षांचं फार्म.डी. ज्यांनी केलंय, त्यांना एफपीजीईसीसाठी अर्ज करता येतो. त्यांनी अमेरिकेत आणखी एक फार्म.डी. करायला लाखो रुपये घालण्याआधी दहादा विचार करावा. भारतातच बी.फार्म. नंतरचं तीन वर्षांचं पोस्ट बॅकलॉरिएट फार्म.डी. घ्यायचा विचार असेल, तर कॉलेजात फी भरण्याआधी एनएबीपीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. कॉलेजच्या माहितीपत्रकातलं वाक्य हे उत्तर धरू नका.

उरले चार वर्षांचं बी.फार्म. झालेले, म्हणजे बहुतेक सगळेच. त्यांच्यासाठी अमेरिकेतलं फार्म.डी. हा खरा रस्ता आहे, कारण एसीपीई या संस्थेची मान्यता असलेल्या अमेरिकन फार्मसी स्कूलची पहिली व्यावसायिक पदवी मिळाली की एफपीजीईसी लागतच नाही. तिथल्या मुलांसारखंच नॅप्लेक्स ही औषधशास्त्राची परीक्षा आणि बहुतेक राज्यांत एमपीजेई ही कायद्याची परीक्षा द्यायची. कॅलिफोर्नियाची कायद्याची परीक्षा वेगळी आहे.

खरी गफलत इथे होते. परदेशी फार्मासिस्टसाठी म्हणून जे फार्म.डी. दाखवलं जातं, त्यात निरनिराळे प्रकार एकत्र मिसळलेले असतात. एक प्रकार ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा. तुमचं बी.फार्म. बघून पहिल्या वर्षाचे काही विषय माफ करतात आणि चार वर्षांच्या नेहमीच्या वर्गात मधेच घेतात. दुसरा प्रकार आधीच अमेरिकेचं लायसन्स असलेल्या, पण जुनी बी.एस. पदवी असलेल्या फार्मासिस्टांसाठी. यात तुमचा अर्जच बसत नाही. तिसरा प्रकार बराचसा ऑनलाइन असतो. आपापल्या देशात नोकरी करणाऱ्या फार्मासिस्टला क्लिनिकल शिक्षण मिळावं हा त्याचा हेतू. शिक्षण उत्तम असू शकतं, आखाती देशांतल्या किंवा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात बढतीला उपयोगीही पडू शकतं. पण अमेरिकेत लायसन्स हवं असेल तर त्या पदवीने ते होतं का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागतं. कोलोरॅडो विद्यापीठाने आणि फ्लोरिडातल्या नोव्हा साउथईस्टर्नने परदेशी फार्मासिस्टसाठी मार्ग ठेवले आहेत, पण त्यांची रचना एकसारखी नाही. नाव सारखं म्हणून एकाची माहिती दुसऱ्याला लावू नका.

प्रवेश विभागाला पाठवायचे प्रश्न असे. या मार्गाने पदवी घेतलेला विद्यार्थी एफपीजीईसीशिवाय नॅप्लेक्सला बसू शकतो का? शिकत असताना राज्य बोर्ड त्याला इंटर्न लायसन्स, म्हणजे शिकाऊ परवाना, देतं का? एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं आय-२० हे विद्यापीठाचं पत्र मिळतं का? रोटेशन, म्हणजे हॉस्पिटलांत-दुकानांत आळीपाळीने करायचं प्रत्यक्ष काम, कुठे होतात, आणि ती जागा विद्यापीठ शोधून देतं की विद्यार्थ्याने शोधायची? शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि तोच सगळ्यात महागात पडतो. रोटेशनची जागा मिळाली नाही तर पदवी लांबते, आणि लांबलेल्या प्रत्येक सत्राची फी वेगळी. आय-२० चं कारण साधं आहे. पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१ मिळत नाही. धरमपेठेत एजंटकडे बसून ऐकलेलं "होऊन जाईल" आणि विद्यापीठाचा ईमेल यांत ईमेल खरा.

काय माफ होतं आणि काय होत नाही, हे समजून घेतलंत तर दोन वर्षांत उरकेल ही आशा आपोआप गळून पडते. फार्मास्युटिक्स, औषधी रसायनशास्त्र, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांत आपली मुलं पक्की असतात आणि सूट मिळाली तर यातच मिळते. थेरप्युटिक्स (कुठल्या आजारात कुठला औषधोपचार), रुग्णाशी बोलणं, तिथला कायदा, विमा आणि बिलिंग यांत सूट जवळजवळ नसते. प्रत्यक्ष अनुभवाचे तास तर करावेच लागतात. सुरुवातीच्या वर्षांत किमान ३०० तास आणि शेवटच्या वर्षात किमान १४४० तास, म्हणजे आठवड्याला ४० तासांनी ३६ आठवडे. त्यामुळे सूट मिळूनही साधारण तीन वर्षं धरून चालावं. बहुतेक स्कूलचे अर्ज फार्मकॅस या एकाच व्यवस्थेतून जातात, काही ठिकाणी ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा अर्ज स्वतंत्र असतो. पीकॅट ही प्रवेश परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. तिच्या तयारीचे क्लास अजून कुणी विकत असेल तर पैसे वाचवा.

आता कागदपत्रं. नागपूरच्या अर्जदारांचे सगळ्यात जास्त महिने इथेच जातात, म्हणून जरा थांबून सांगायला हवं.

पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच हवं असतं. सीलबंद लिफाफा, फ्लॅपवर सही-शिक्का, किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून. लिफाफा तुम्ही उघडलात की तो बाद. एनएबीपी ईसीई या संस्थेचा अहवाल मागते, फार्मकॅसमध्ये डब्ल्यूईएसचा चालतो. एकासाठी काढलेला अहवाल दुसरीकडे चालेलच असं नाही, म्हणून आधी मार्ग ठरवा, मग पैसे भरा. अहवाल विषयवार असायला हवा. नुसतं "पदवी समकक्ष आहे" एवढं सांगणारा स्वस्तातला अहवाल सूट मागताना कामाचा नाही. टक्क्यांचं जीपीए स्वतः करून अर्जात भरू नका.

एटीकेटी लागली असेल तर नापास झालेल्या प्रयत्नाच्या गुणपत्रिकाही द्याव्या लागतात. फक्त शेवटची उत्तीर्ण गुणपत्रिका दिली की सत्रांची साखळी तुटलेली दिसते आणि फाइल अडते. हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी आजच अर्ज करा. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर बऱ्याच ठिकाणी भागत नाही, दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ पदवी प्रमाणपत्र हातात हवं. जुन्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट: २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं. ज्यांच्या काही गुणपत्रिकांवर जुनं नाव आणि पदवीवर नवं, त्यांनी ही दोन्ही एकाच विद्यापीठाची नावं आहेत असं विद्यापीठाचं पत्र सोबत जोडावं.

नावाचा घोळ तर जवळपास प्रत्येक फायलीत सापडतो. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. तिकडचा कारकून पहिला शब्द पहिलं नाव म्हणून घेतो आणि एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच सगळीकडे भरा. बदल असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा.

महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, तेही बघा. नूतनीकरण राहून गेलेल्या फार्मासिस्टला गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं, प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते मागितलं जातं तेव्हा नेमका अर्जाचा शेवटचा आठवडा चालू असतो.

इंग्रजीबद्दल एकच सांगायचंय. एफपीजीईसीसाठी टोफेलच्या बोलण्याच्या भागात अनेक वर्षं ३० पैकी २६ गुण लागत होते, आणि बाकी तिन्ही भागांची अट त्याहून कमी होती. हुशार मुलं इथेच अडकतात. इंग्रजी माध्यमात शिकलो म्हणून बोलणं येतं असं धरू नका. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला वॉरफेरिन कसं घ्यायचं, काय खाताना सांभाळायचं, रक्तस्राव कसा ओळखायचा, हे दोन मिनिटांत सोप्या शब्दांत सांगायची रोज सवय करा.

अभ्यासाची सुरुवात औषधांच्या नावांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. आपलं पॅरासिटामॉल तिथे असिटॅमिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, रिफॅम्पिसिन म्हणजे रिफॅम्पिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. उलट आपल्या काउंटरवर दिवसभर जाणारी ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब, ग्लिक्लाझाइड, टेनेलिग्लिप्टिन ही औषधं तिथे बाजारातच नाहीत. मधुमेहाच्या केसमध्ये सवयीने ग्लिक्लाझाइड सुचवणारा विद्यार्थी लगेच ओळखू येतो.

दुसरं म्हणजे गणितं. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज रोज बांधावा लागतो. सूत्र असं: १४० वजा वय, गुणिले किलोतलं वजन, भागिले (७२ गुणिले सीरम क्रिएटिनिन), आणि स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. ७० वर्षांची बाई, वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.५. उत्तर मिनिटाला साधारण ३३ मिलीलिटर. म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम रोज न देता एक दिवसाआड. वजन तिथे पौंडात सांगतील, २.२ ने भागून किलो करा. हे न करता सूत्रात थेट आकडा टाकला की उत्तर दुपटीहून जास्त येतं आणि डोस चुकतो. कॅनडाला जाणाऱ्यांसाठी रक्तातली साखर मिलिमोलमध्ये येते. तिला १८ ने गुणलं की आपला ओळखीचा आकडा मिळतो.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. खासगी स्कूलची वर्षाची फी ४० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असणं नेहमीचं आहे, राहणं-खाणं आणि आरोग्यविमा वेगळा. शिक्षणानंतर ओपीटी या विद्यार्थ्यांसाठीच्या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं. फार्मास्युटिकल सायन्सच्या एम.एस. वाल्यांना बहुधा मिळणारे वाढीव २४ महिने फार्म.डी.ला सहसा मिळत नाहीत, कारण त्याचा अभ्यासक्रम स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक अभ्यासक्रमांच्या यादीत बसत नाही. मग प्रश्न एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा. विद्यापीठांची आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलं त्याच्या लॉटरीतून मोकळी आहेत, म्हणून हॉस्पिटल रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात करायच्या प्रशिक्षणाची, तयारी पहिल्या वर्षापासून करावी. दुकानांच्या साखळ्यांत जागा कमी होत आहेत. वॉलग्रीन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांत सुमारे १२०० दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं, आणि राइट एड २०२५ मध्ये पूर्णच बंद झालं. घर गहाण टाकून कर्ज काढणार असाल तर घरातल्या सगळ्यांना हे आकडे आधी दाखवा.

कॅनडात चार वर्षांचं बी.फार्म. चालतं. आधी कागदपत्रांची तपासणी, मग पीईबीसी या तिथल्या परीक्षा मंडळाची मूल्यमापन परीक्षा, मग दोन भागांची पात्रता परीक्षा, ज्यातला दुसरा भाग रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसासमोर प्रत्यक्ष द्यायचा. तिथे दुसरी पदवी घेण्याऐवजी ब्रिजिंग कोर्सने काम होतं. ब्रिटनमध्ये ओस्पॅप हा परदेशी फार्मासिस्टसाठीचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर वर्षभराचं प्रशिक्षण हा मार्ग आहे. नुसत्या क्लिनिकल फार्मसीच्या एम.एस्सी.ने तिथे नोंदणी होत नाही, आणि तीच एम.एस्सी. आपल्याकडे सर्वांत जास्त विकली जाते.

प्रवेश पक्का झाला की सर्वांत आधी लसींकडे वळा. रोटेशनच्या आधी हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचा पुरावा मागतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी. म्हणजे सात-आठ महिने इथेच गेले. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर अँटिबॉडी तपासून घ्या. क्षयाच्या तपासणीत कोपराखाली हातावर केली जाणारी टोचणी करून घेऊ नका. बीसीजी घेतलेल्यांमध्ये ती अनेकदा उगाच पॉझिटिव्ह येते, मग छातीचे एक्स-रे आणि खुलाशांची पत्रं सुरू होतात. इग्रा ही रक्ताची तपासणी करून घ्या, आणि अहवालावर पासपोर्टवरचंच नाव लिहायला लॅबमध्ये सांगा.