साखळीची किल्ली

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. माढा तालुक्यातली सीनाकाठची काही गावं माझ्याकडे आहेत. एरवी इथे सीनेचा विषय निघतो तो उन्हाळ्यात, उजनीचं पाणी जोडकालव्यातून नदीत कधी सोडणार म्हणून. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात तीच नदी घरात शिरली. पाऊस आमच्याकडेही झाला, पण खरा लोंढा वरचा होता. नगर, बीड, धाराशिवकडचं पाणी, त्यात सीना कोळेगाव, खासापुरी, चांदणी या धरणांचा विसर्ग, सगळं एकाच पात्रात. लांबोटीच्या पुलावर सोलापूर-पुणे हायवे बंद पडला, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की सीना नावाची नदी आहे.

पाणी उतरल्यावर पंचनाम्यांना निघालो. वस्तीपर्यंत ट्रॅक्टरवरून गेलो. ऊस आडवा पडलेला, बाभळीच्या शेंड्याला मुरघासाच्या पिशव्या लटकलेल्या. वासाबद्दल लिहीत नाही.

तात्यांच्या गोठ्यात एक म्हैस मेलेली होती. फुगलेली, गळ्यात साखळी, साखळीला कुलूप.

"कुलूप कशाला, तात्या?"

"लई द्वाड हुती. खुटा उपटून दुसऱ्याच्या उसात जायची. रोज भांडणं. म्हणून पोळ्याच्या आधी साखळी आणली."

रात्री पाणी आलं तेव्हा गुडघ्याला होतं. बाकीच्या तिघींची दावी त्यांनी विळ्यानं कापली. हिच्यापाशी आले तोवर पाणी कमरेला. किल्ली त्यांच्या करदोट्यालाच होती. पण म्हैस बिथरून हिसडे देत होती, बॅटरी पाण्यात गेलेली, अंधारात कुलपाचं तोंड हाताला लागेना. शेवटी पोरानं बखोटीला धरून त्यांना ओढत नेलं.

सोडलेल्या तिघींपैकी दोघी सकाळी उंचावरच्या शाळेपाशी उभ्या होत्या. तिसरी गेली ती गेलीच. म्हैस चांगली पोहते, पण अशा धारेत लाकूडफाटा, पत्रे, काय काय वाहत येतं.

मी कामाला लागलो. कानातला पिवळा बिल्ला पुसून ओळख क्रमांकाचे बारा आकडे लिहून घेतले, फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या. दुभत्या म्हशीला मदतीचा दर तेव्हा ३७,५०० रुपये होता. बाजारात तेवढ्यात तशी म्हैस येत नाही, हे मला माहीत आहे आणि तात्यांनाही. सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् तिचं?"

वाहून गेलेलीचं. तिचा देह नाही, बिल्ला नाही, फोटो नाही. मी म्हणालो, वेगळी नोंद करतो, तलाठ्यांशी बोलतो, पण खात्री देत नाही.

तात्या बराच वेळ साखळीकडे बघत होते. मग म्हणाले, "बांधून मारली तिचं पैसं येत्यात सायेब. सोडली तिचं न्हाई."

नियम का असतो हे मी त्यांना समजावू शकलो असतो. नसलेली जनावरं कागदावर वाहून जातात, हे नोकरीत मी पाहिलंय. पण त्या गोठ्यात ते बोलवेना. बोललो ते भलतंच: चारा ओला असेल तर घालू नका, घटसर्पाची लस उद्या टोचायला येतो.

जेसीबी आला. खड्ड्यात चुना टाकून झाला. ड्रायव्हर म्हणाला, साखळीसकट उचलतो. तात्या म्हणाले, थांब. करदोट्याची किल्ली काढून ते चिखलात बसले. कुलपात गाळ भरला होता. काडीनं कोरून, फुंकर मारून, पुन्हा कोरून त्यांनी ते उघडलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी लस घेऊन गेलो तर दोघी म्हशी गोठ्याबाहेर मोकळ्याच उभ्या. टोचायला धरायचं कशानं, म्हणून मी दावं मागितलं. तात्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला आणि एकीच्या गळ्यात नुसता अडकवून धरला, गाठ न मारता.