तारीख विचारली होती, मी ‘स्किप’ दाबलं

रिटायर झाल्यावर आमच्या घरात दोन गोष्टी पडून होत्या: एक मी, दुसरा २०११ सालचा लॅपटॉप. लेक म्हणाली, “बाबा, भंगारात देऊन टाका तो.” मी म्हटलं, थांब, याच्यावर युनिक्स चढवतो. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण जुनी प्रणाली.

खूळ जुनंच आहे. नव्वदच्या दशकात आमच्या बँकेच्या शाखेत एससीओ युनिक्सचा सर्व्हर होता आणि काउंटरवर काळ्या पडद्याचे टर्मिनल. रोज सकाळी माझं पहिलं काम तारीख तपासणं. चुकीच्या तारखेवर ‘डे बिगिन’, म्हणजे दिवसाच्या कामाची सुरुवात झाली, तर व्याज आणि व्हाउचरांचा जो घोळ व्हायचा तो निस्तरता निस्तरता घरी जायला रात्र व्हायची. हे मुद्दाम सांगून ठेवतोय.

“मग लिनक्स टाका ना, सगळे तेच टाकतात.” लेकीचं बरोबर होतं. पण लिनक्स १९९१मध्ये नव्याने लिहिलं गेलं. युनिक्ससारखं, पण वेगळ्या घरातलं. मला जुन्या घराण्यातलं हवं होतं. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेलं युनिक्स पुढे बर्कली विद्यापीठात वाढलं, त्या शाखेतून १९९३मध्ये फ्रीबीएसडी निघालं. ते फुकट मिळतं. हट्ट म्हणा हवं तर.

फ्रीबीएसडी बसवायचा पेन ड्राइव्ह लेकीने करून दिला. बसवणं सोपं होतं, निळ्या पडद्यावर प्रश्न येतात आणि आपण एंटर मारत जायचं. डिस्कवर फाइली मांडायची पद्धत झेडएफएस की यूएफएस, असं विचारलं तेव्हा मी हलकी यूएफएस निवडली, ४ जीबी रॅमच्या म्हाताऱ्यावर जास्त ओझं नको. वायफायची चिप काही ओळखली गेली नाही. मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, त्यासाठीचा यूआरएनडीआयएस नावाचा ड्रायव्हर लोड केला, ‘यूई झीरो’ नावाने फोन दिसला, नेट आलं. पिंगला, म्हणजे जोडणी तपासायच्या हाकेला, उत्तर यायला लागलं.

पण https वरचं, म्हणजे सुरक्षित जोडणीवरचं, काहीही मागितलं की एकच रड: ‘सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन फेल्ड’, म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र पटत नाही.

दोन संध्याकाळी यात गेल्या. केबल बदलली, फोन बदलला, सगळं पुन्हा बसवलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी लॉगिन केलं आणि ‘लास्ट लॉगिन’च्या ओळीवर नजर गेली. शनिवार, १ जानेवारी २०११. ती ओळ पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती! लॅपटॉपच्या हिशेबाने सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं, मग ते खरं कसं मानणार? बसवताना त्याने तारीख विचारली होती, आणि मी, ज्याने वीस वर्षं तारखेवरून साऱ्या शाखेला धारेवर धरलं त्याने, ‘स्किप’ दाबलं होतं.

घड्याळ नेटवरून जुळवणारी एनटीपीडी मी चालू केली होती, मग तिने काय केलं? लॉग उघडला. फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त दिसला की ती घड्याळाला हात न लावता बंद पडते, तारीख तुम्हीच लावा म्हणते. माझा फरक होता ४७ कोटी सेकंदांच्या घरात. शिस्त आवडली मला. असला कारकून शाखेत हवा होता.

‘डेट’ कमांडने तारीख लावली. मग व्हीआय या जुन्या एडिटरमध्ये आरसी डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाइल उघडली, सुरू होताना कितीही फरक असला तरी जुळवून घे, अशी एक ओळ घातली. एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू: सेव्ह करून बाहेर. इतक्या वर्षांनी बोटं विचारत नाहीत, आपोआप जातात. एनटीपीडी पुन्हा चालू केली, आणि मागितलेली फाइल चुपचाप उतरली.

मूळ दुखणं मात्र बोर्डावरच्या, घड्याळ चालू ठेवणाऱ्या सेलचं होतं. लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली, हा सेलही मेलेला. चार्जर काढला की तारीख पुन्हा २०११. इंदूरच्या आमच्या रामबागेतून सिल्व्हर मॉलला गेलो, सीआर २०३२ हा बटणासारखा सेल मागितला. पोराने घड्याळात बसतो तसला सुटा सेल पुढे केला. घरी येऊन लॅपटॉप उघडतो तर आतल्या सेलला दोन वायरी आणि इवलासा प्लग. पुन्हा चक्कर. “अंकलजी, वायर वाला बोलना था ना,” म्हणाला. बोलना था, खरंय.

आता एक्सएफसीई हा खिडक्या-माउसचा डेस्कटॉप चालतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप होतं. साध्या कन्सोलवर मात्र मराठी नावाच्या फाइली म्हणजे नुसते चौकोन, म्हणून नावं इंग्रजीत ठेवलीत. वायफायचं अजून जमलेलं नाही. टेबलावरून फोनची केबल लोंबत असते आणि दिवसातून एकदा तरी कुणाच्या तरी पायात अडकते.