त्या हसण्याचं काय करू

दादाने रश लिंबॉच्या, म्हणजे अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या रेडिओ-होस्टच्या, जुन्या कार्यक्रमाचा एक तुकडा पाठवला. एकही मुद्दा पटला नाही, तरी खळखळून हसले. तेव्हापासून चैन नाही.

हसू कशाने आलं ते कळतं, म्हणून जास्तच लागतं. हा माणूस मूळचा गाणी लावणारा डीजे. पिट्सबर्गला जेफ क्रिस्टी या नावाने बोलायचा. थांबायचं कुठे, हे त्याला नेमकं ठाऊक. वाक्य अर्धवट सोडायचं, माइकपाशी कागद खडखडवायचे, टेबलावर बोटं आपटायची. तेवढ्यात ऐकणारा मनातल्या मनात वाक्य पुरं करून मोकळा. आता स्वतःच्याच वाक्याशी भांडणार कोण?

कार्यक्रमात येणाऱ्या श्रोत्यांच्या फोनचंही तेच. कुणीही थेट हवेवर जात नाही. आधी फोन पारखणारा स्क्रीनर विचारतो: नाव, गाव, म्हणणं एका वाक्यात. पाल्हाळ लावला की नंबर गेला. मग ‘घरातला रेडिओ बारीक करा’, कारण प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. आपलाच आवाज उशिरा कानावर आला की माणूस ततपप करतो. विरोधात बोलणाऱ्याला मुद्दाम पुढे घेतात, कारण होस्ट खुलतो तो त्याच्याच जिवावर. चाहते नुसतं ‘डिटो’ (माझंही तेच) म्हणायचे, म्हणजे कौतुकात वेळ जात नाही.

१९८७ साली अमेरिकेतला फेअरनेस डॉक्ट्रिन हा प्रसारणाचा नियम गेला आणि दुसऱ्या बाजूला वेळ देण्याचं बंधन सुटलं. १९८८च्या ऑगस्टपासून लिंबॉ देशभर. गाणी एफएमवर गेल्याने एएम (जुन्या मध्यम लहरींच्या) स्टेशनांच्या दुपारी ओस पडलेल्या. त्यांना तीन तासांचा कार्यक्रम जवळजवळ फुकट मिळे, बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं द्यायची. नव्वदीच्या सुरुवातीला काही हॉटेलांनी जेवणाच्या वेळी रेडिओ ऐकायला वेगळी खोलीच ठेवली होती. एरवी ट्रकमध्ये एकट्याने हसणारा तिथे चार टाळक्यांत हसायचा.

मला इथे अमेरिकेत दुपारी कोण आहे? आईला फोन करावा तर तिकडे रात्र. जाऊ दे.

भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे हे प्रकरण तिथे रेडिओवर रुजलंच नाही. ती हौस टीव्हीवर भागते, पण तिथे सहा चौकटी एकदम ओरडतात. वैतागून बंद तरी करता येतं. रेडिओवर एकच आवाज, तोही कानाशी, रोज ठरल्या वेळी. घरातल्या माणसासारखा सवयीचा होतो. घरातली माणसं तरी कुठे सगळी पटतात! आत्याच्या टोमण्यांना हसतोच की आपण.

बरं, हसले तर हसले. खरी गंमत जाहिरातींत आहे. त्या तो स्वतःच वाचायचा, त्याच सुरात, त्याच तावात. सुरुवातीच्या काळात स्नॅपलचा बाटलीतला चहा त्याने असाच खपवला. क्लिंटनवर तोंडसुख घेऊन झालं आणि चहा कधी सुरू झाला, हे बाटली हातात आल्यावर कळत असणार.