कडसर, कडवट, कडूविख

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बाजारातून आई मेथीच्या चार-चार जुड्या आणते, आणि सिएटलहून भाचा सुट्टीला येतो. यंदा भाच्याच्या आधी त्याची पाकिटं आली. चंदेरी, टणक, प्रत्येकी २८ ग्रॅमची तीन. आईनं एक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "घरात ताजी मेथी असताना कसुरी कशाला मागवलीस?"

मी ओंकारला फोन लावला. "मामा, हॉप्स आहेत ते, बिअरला कडूपणा देणारी फुलं. उघडू नकोस, सरळ फ्रीझरमध्ये टाक."

ओंकार दिवसा कॉम्प्युटरचं काहीतरी करतो आणि शनिवारी गॅरेजमध्ये बिअर बनवतो. तिकडे त्याला कुणी काही म्हणत नाही. १९७८ साली जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि घरच्यापुरती बिअर करायला तिथे मोकळीक मिळाली. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. त्यामुळे आल्या आल्या मी त्याला बजावलं, इथे असले उद्योग चालायचे नाहीत. तो म्हणाला, "बिअर नाही रे करायची. नुसता काढा करून बघू. तुला एकदा कळू दे कडू कुठून येतं ते." काढा हा शब्द आईच्या कानावर पडला आणि प्रश्नच मिटला. आमच्या घरात काढ्याला कधी कुणाची हरकत नसते. लहानपणी मला काडेचिराईत पाजणारी हीच बाई.

खरं सांगायचं तर बिअरचं कडू कुठून येतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आम्ही नाशिककर वाईनबद्दल अधिकारवाणीनं बोलतो. प्रत्येकाचा एखादा तरी नातेवाईक दिंडोरीकडे बागायतदार असतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे शब्द शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. बिअर मात्र आमच्या लेखी थंडगार मिळणारी एक बाटली. ती कडू असते, कारण ती बिअर असते. मीठ खारट का, असं कोण विचारतं?

तर ती मुळात गोड असते. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते आणि जे पाणी निथळतं ते पेजेत गूळ विरघळवावा तसं गोड लागतं. यीस्ट त्यातली बरीचशी साखर खाऊन टाकतं, पण सगळी नाही. त्या उरलेल्या गोडव्याला अडवायला आणि पेय नासू नये म्हणून हॉप्स घालतात. बव्हेरियात १५१६ साली फर्मानच निघालं की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेख नाही; तो एक जीव आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं, त्यातही मादी वेलाची. हिरवी, खवल्याखवल्यांची, आणि खवल्यांच्या बुडाशी पिवळी चिकट भुकटी. सगळा ऐवज त्या भुकटीत. वेल भांगेच्या कुळातला आहे, ही माहिती ओंकारनं मला गच्चीवर नेऊन दिली, आजीसमोर नाही. "मग आपल्या बागेत लावू या की," मी म्हटलं. तर नाही. या वेलाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडाक्याची झोप. वॉशिंग्टन राज्यात यकिमा नावाचं खोरं आहे, अमेरिकेतले बहुतांश हॉप्स तिथले. तिथे जूनमधला दिवस साडेपंधरा तासांच्या वर जातो. नाशिकचा सगळ्यांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच. भारतात हॉप्स झाले ते थेट हिमालयात, हिमाचलातल्या लाहौलसारख्या ठिकाणी. म्हणजे ज्या उन्हावर आमची द्राक्षं गोड होतात, ते ऊन या कडू वेलाला पुरत नाही. मला उगाचच वाईट वाटलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ओटा आमच्या ताब्यात आला. पाकिटातून निघालेले हॉप्स फुलांसारखे दिसतच नव्हते. दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, गाईला घालतात त्या गोळी पेंडीसारख्या. एक चिरडली तर बोटाला डिंक लागावा तसं लागलं, आणि वास आला तो पपनसाच्या सालीचा. हे कॅस्केड. १९७२ साली अमेरिकेत आलेलं वाण, आणि तिकडच्या घरगुती बिअरवाल्यांचं अत्यंत लाडकं.

दोन पातेल्यांत एकेक लिटर पाणी. एकात दोन ग्रॅम कॅस्केड घालून तासभर उकळायचं, आटेल तसं आधण घालत. दुसऱ्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग तेवढेच दोन ग्रॅम टाकून दहा मिनिटं झाकण. माल तोच, वजन तेच, पाणी तेच.

पहिल्या पातेल्यातला पेलाभर काढा मी शूरपणे तोंडात घेतला. जिभेच्या पुढच्या भागावर काही नाही. मग मागून, घशाच्या तोंडाशी, कडू असं वर आलं आणि मुक्कामालाच राहिलं. पपनस? नावालाही नाही. दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं तर स्वयंपाकघरभर पपनस, आणि चवीला जरासा कडवटपणा, एवढंच.

ओंकारचा चेहरा जादूगारासारखा. त्यानं मग नीट सांगितलं. त्या पिवळ्या भुकटीत दोन वेगवेगळ्या गोष्टी नांदतात. एक अल्फा आम्लं. ती पाण्यात सहजी विरघळत नाहीत. पण उकळत ठेवली की त्यांच्या रेणूची मांडणी बदलते, अणू तेच, बैठक निराळी, आणि मग ती विरघळतात आणि कडू होतात. याला वेळ लागतो, म्हणून तासभर. दुसरी गोष्ट सुगंधी तेलं. ती वाफेबरोबर उडतात, म्हणून उघड्या उकळीत त्यांना तास तर सोडाच, दहा मिनिटंही फार होतात. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले वास. काही जण तर बिअर आंबून झाल्यावर थंडच्या थंड हॉप्स टाकतात; मग वास भरपूर, आणि उकळून येणारा कडूपणा जवळपास नाहीच.

"यात नवीन काय?" आई म्हणाली. ती मेथी निवडत बसली होती. "हिंग फोडणीत, कोथिंबीर उतरवताना. उलट कर बघू."

तिनं दुसऱ्या पातेल्याचा वास घेतला आणि म्हणाली, "गवती चहा आहे यात." ओंकार हसला, पण मग हसायचा थांबला. हॉप्सच्या तेलात मायर्सिन असतं, आणि गवती चहातही असतं. तिनं आणखी वास घेऊन मिरी म्हटलं, तर कॅरिओफिलीन निघालं, जे मिऱ्यात आणि लवंगेत असतं. धने ती म्हणाली नाही, पण लिनालूल नावाचं जे द्रव्य धन्यांचा वास ठरवतं तेही यात आहेच. कोणत्या वाणात यातलं कोण वरचढ, यावर बिअरचा वास बदलतो. म्हणजे आमच्या मसाल्याच्या डब्यातली अर्धी मंडळी यकिमाच्या त्या वेलावर आधीपासूनच नातेसंबंध राखून होती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही वाणं समोरासमोर बसवली. चेक प्रजासत्ताकाचं साझ, जर्मनीचं मॅग्नम आणि कालचं कॅस्केड. पाकिटांवर अल्फा आम्लांचं प्रमाण छापलेलं असतं: साझ ३.२ टक्के, कॅस्केड ६.१, मॅग्नम १२.६. ते दर हंगामाला थोडं बदलतं, म्हणून जाणता माणूस वाणाच्या नावावर न जाता आधी हा आकडा बघतो. कडूपणा मोजायला आयबीयू नावाचं माप आहे. लिटरमध्ये एक मिलिग्रॅम बदललेलं अल्फा आम्ल म्हणजे साधारण एक आयबीयू. ओंकारनं माझ्या विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. वीस लिटर बिअर, ३० आयबीयू हवेत. उकळून जेमतेम पाव हिस्सा अल्फा कामी येतो असं धरलं, तर १२ टक्क्यांचं मॅग्नम २० ग्रॅम पुरतं. ३ टक्क्यांचं साझ ८० ग्रॅम लागेल.

"मग मॅग्नमच वापरावं. स्वस्तात काम," माझ्यातला नाशिकचा व्यापारी बोलला.

"वापरतातच. पण मॅग्नमला म्हणण्यासारखा वास नाही. सरळ, स्वच्छ कडू. साझचा कडूपणा मऊ, आणि वास ओल्या गवताचा, किंचित मसाल्याचा. म्हणून बरेच जण सुरुवातीला मॅग्नम टाकतात आणि शेवटी साझ किंवा कॅस्केड."

मला ही विभागणी पटली. लग्नघरात भांडायला एक काका असतो आणि गोड बोलायला दुसरा. एकाच माणसावर दोन्ही कामं टाकली की घोटाळे होतात.

आता चव. तिन्ही काढे तासभर उकळलेले, दोन-दोन ग्रॅमचे. ओंकारनं प्रत्येक पेल्याखाली आयबीयूचा अंदाज लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. आईनं चिठ्ठ्या बघितल्या नाहीत, चष्मा टीव्हीवर होता. पहिला घोट, "कडसर." दुसरा, "कडवट." तिसऱ्याला तिनं डोळे मिटले, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "कडूविख."

मी चिठ्ठ्या उचलल्या. क्रम बरोबर होता.

एरवी माझी तक्रार असायची की मराठीत कडूला एकच शब्द. कारलंही कडू, कॉफीही कडू, आणि कॉलेजरोडच्या पोरांच्या तोंडी मित्रसुद्धा "ए कडू". पण हे मापन तर आमच्याकडे होतंच, फक्त आकड्यांत नव्हतं. शरीरालाही हे प्रकरण महत्त्वाचं वाटत असणार. गोड ओळखायला जिभेकडे मुख्यतः एकच यंत्रणा आहे. कडू ओळखायला जवळपास पंचवीस प्रकारच्या. निसर्गातलं बरंचसं विष कडू असतं, म्हणून इतके पहारेकरी. पाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ-जिऱ्याबरोबर वाटून आपण या पंचविसांना वर्षातून एकदा कवायत करायला लावतो.

तिसरा पेला ओतून टाकायचा तर आईनं अडवलं. चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, मला दिलं. कडू कमी झालं होतं! खारट लागत नव्हतं, पण धार बोथट झाली होती. हे खरंच होतं; मिठातलं सोडियम कडू चवीला दाबतं. ओंकारला हे माहीत होतं, त्याच्यासारखे बिअरवाले पाण्यातले क्षारही मोजतात. सल्फेट जास्त असलं की हॉप्सचा कडूपणा टोकदार होतो, क्लोराइड असलं की गोलाई येते. इंग्लंडमधलं बर्टन गाव कडू बिअरसाठी गाजलं ते तिथल्या सल्फेटवाल्या विहिरींच्या पाण्यामुळे. आईला बर्टन ठाऊक नाही. ती कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवते आणि पिळून काढते.

"कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच," मी म्हण फेकली. "तुझं कारलं तर कडू लागत नाही."

"लागतं की. मुळीच कडू नको असेल त्यानं दुधीभोपळा खावा."

यावर बिअरवाल्यांचंही दुमत नसावं. नुसती गोड बिअर तोंडात चिकटते आणि नुसती कडू प्यायचं शौर्य एका ग्लासात संपतं. आयबीयूचा आकडाही एकटा काही सांगत नाही. ३० आयबीयू हलक्या बिअरमध्ये चांगलेच कडू लागतील, दाट गोडसर बिअरमध्ये लपून जातील.

एक जुना गैरसमजही या निमित्तानं फिटला. कॉलेजात असताना कुणीतरी आणलेल्या हिरव्या बाटलीतल्या बिअरला एक उग्र, जळक्या रबरासारखा वास यायचा आणि आम्ही त्याला फॉरेनची चव म्हणायचो. ते निव्वळ ऊन होतं. हॉप्समधून आलेलं ते कडू द्रव्य उजेडात फुटतं आणि त्यातून गंधकाचा एक वासट रेणू तयार होतो. तपकिरी काच उजेड बरीच अडवते, हिरवी फारशी नाही. आम्ही चढ्या भावानं खराब झालेली बिअर पीत होतो, आणि तीही मिटक्या मारत.

गंधकाची भानगड नेहमी वाईटच असते असं नाही. दिंडोरीला मित्राच्या मळ्यावर गेलो तेव्हा ओंकार सोव्हिन्यो ब्लांच्या वेलीपाशी उभा राहून एकदम म्हणाला, "मामा, हिची बहीण न्यूझीलंडला हॉप्स म्हणून राहते." तिथे नेल्सन सॉव्हिन नावाचं हॉप्सचं वाण आहे, २००० सालचं. त्याची बिअर या द्राक्षाच्या वाईनसारखी लागते म्हणून नावातही 'सॉव्हिन'. दोघींतही गंधक असलेले तेच थिऑल जातीचे सुगंधी रेणू, थेंबाच्या लाखाव्या भागातही नाकाला कळणारे. थोडे असले तर कृष्णकमळाच्या फळाचा वास, जास्त झाले तर मांजरानं सोफ्यावर केलेल्या उद्योगाचा. मित्राला ही तुलना आवडली नाही. बाग त्याची होती, साहजिकच आहे.

राहता राहिलं पातेलं. आम्ही घेतलं होतं ते दुधाचं निघालं. रविवारी एकदा काढा उतू गेला तेव्हा कडेला हिरवट चिकट कड धरली होती, ती मी घाईत नुसती विसळली. सोमवारी सकाळी आईनं त्यात दूध तापवलं, चहा झाला, पहिला घोट तिनंच घेतला. बोलली नाही. कप माझ्याकडे सरकवला, सोड्याचा डबा पुढे ठेवला आणि आपण दुसरं पातेलं चढवलं.

ओंकार गेल्या आठवड्यात परतला. विमानतळावरूनच त्याचा निरोप: उरलेली पाकिटं घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेव, हवा लागली तर जुन्या चीजसारखा वास मारतील. मी फ्रीझर उघडला. तिन्ही पाकिटं सोललेल्या मटारांच्या पिशवीशेजारी उभी होती, तोंडाला रबर बांधलेलं. वरची इंग्रजी नावं आईला वाचायची नव्हतीच. तिनं कॅलेंडरच्या मागचा कागद कापून प्रत्येकावर चिकटवला होता आणि मार्करनं लिहिलं होतं: कडसर. कडवट. तिसऱ्यावर कडूविख, आणि खाली दोनदा अधोरेखित, "दुधाच्या पातेल्यात नाही."